उजेडाचे माप

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत दिलेले व्याख्यान)



वर्धापनदिनाच्या सभेत पाककृती, आरोग्य, काटकसर, मुलांचे संगोपन असे विषय आपण नेहमीच ऐकतो. यंदा चिटणीसबाईंनी मला जरा निराळा विषय दिला. कॅमेऱ्यावरच्या आकड्यांचा आणि खुणांचा अर्थ कोणीतरी सोप्या भाषेत सांगावा, अशी बऱ्याच जणींची मागणी होती म्हणे. मागणी अगदी रास्त आहे. आज कॅमेरा नाही असे घर विरळा. कोणाच्या कपाटात मुलाने किंवा जावयाने आणून दिलेला मोठा डिजिटल कॅमेरा आहे, आणि मोबाईलमधला कॅमेरा तर जवळजवळ प्रत्येकीच्या पर्समध्ये आहे. परंतु कपाटातला कॅमेरा बाहेर निघतो तो लग्नमुंजीला. आणि तेव्हाही तो घरातल्या पुरुषमाणसाच्या नाहीतर कॉलेजात जाणाऱ्या मुलाच्या हाती जातो. आपण पदर सारखा करून समोर उभ्या राहतो, एवढाच आपला त्याच्याशी संबंध.

याचा परिणाम काय होतो, तो घरचे जुने अल्बम काढून पाहा. घरातल्या बाईचे फोटो आहेत, पण ते नटूनथटून एका रांगेत उभे असतानाचे. ती पापड लाटते आहे, मुलाचा अभ्यास घेते आहे, मंडळाच्या हिशेबाच्या वह्या पसरून बसली आहे, असा फोटो सहसा सापडत नाही. तो काढावा असे जिला वाटले असते, ती कॅमेऱ्याच्या मागे नव्हती. म्हणून हा विषय केवळ हौसेचा आहे असे मी मानत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. फोटो म्हणजे उजेडाचे काम. समोरच्या वस्तूवरून परतलेला उजेड भिंगातून आत येतो आणि मागच्या पडद्यावर उमटतो. पूर्वी तेथे फिल्म असे, आता विजेवर चालणारी संवेदक पट्टी असते. उजेड कमी पडला तर फोटो काळा, जास्त झाला तर पांढराफटक. तेव्हा कॅमेऱ्यावरच्या मुख्य खुणा कितीही भारी दिसल्या तरी त्यांचे काम एकच, आणि ते म्हणजे उजेडाचे माप ठरवणे.

हे माप आपण रोज घरी करतो. नळाखाली घागर ठेवली की ती भरायला तीन गोष्टी लागतात: नळ किती उघडला, किती वेळ उघडा ठेवला आणि घागर केवढी आहे. कॅमेऱ्यात नळाच्या तोंडाला अॅपर्चर म्हणतात, वेळ मोजणाऱ्या झडपेला शटर म्हणतात, आणि घागरीच्या लहानमोठेपणाच्या जागी आयएसओ नावाचा आकडा असतो. या तिघांची ओळख झाली की कॅमेरा अर्ध्याहून अधिक कळला असे समजा.

प्रथम अॅपर्चर. भिंगाच्या आत पातळ पाकळ्यांचे एक वर्तुळाकार भोक असते. ते लहानमोठे करता येते. त्याचे आकडे असे: १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६, २२. आकड्याआधी इंग्रजी 'एफ' अक्षर असते. येथे नवशिक्यांचा हमखास गोंधळ होतो, कारण आकडा लहान तेव्हा भोक मोठे आणि आकडा मोठा तेव्हा भोक लहान. हे उलटे का, ते एकदा समजून घ्या म्हणजे पाठ करावे लागणार नाही. हा आकडा म्हणजे भागाकार आहे. भिंगाची नाभीय लांबी ५० मिलिमीटर असेल तर 'एफ २' म्हणजे ५० भागिले २, म्हणून भोक २५ मिलिमीटर. 'एफ ८' म्हणजे ५० भागिले ८, म्हणून भोक फक्त सव्वासहा मिलिमीटर. भाकरी दोघांत वाटली तर वाटा मोठा, आठ जणांत वाटली तर लहान, तसेच हे. या यादीत एकेक पायरी पुढे गेले की उजेड निम्मा होत जातो.

अॅपर्चरचे दुसरेही एक काम आहे, आणि फोटोच्या रूपात फरक पडतो तो त्यानेच. आजीबाई चष्मा न लावता सुईत दोरा ओवू लागल्या की डोळे बारीक करतात. का? डोळ्यात येणारा उजेड अरुंद वाटेने आला की वस्तू अधिक रेखीव दिसते. कॅमेऱ्याचेही तसेच. भोक बारीक केले, म्हणजे एफ ११ किंवा १६ ठेवले, की जवळचे आणि दूरचे दोन्ही स्पष्ट येते. देवळाचे आवार, घाटातला देखावा, तीन रांगांत उभ्या असलेल्या साठ भगिनींचा समूह, यांना हे उपयोगी. उलट भोक मोठे ठेवले, म्हणजे २ किंवा २.८, की जिच्यावर नजर रोखली ती स्पष्ट आणि तिच्या मागचे सारे धूसर होते. मागे दोरीवर वाळत घातलेले कपडे असोत की सायकली असोत, त्या विरून जातात. नातवाच्या चेहऱ्याचा फोटो काढताना ही युक्ती फार कामास येते.

आता शटर. ही झडप किती वेळ उघडी राहणार हे सेकंदाच्या अंशात सांगतात: १/३०, १/६०, १/१२५, १/२५०, १/५००, १/१०००. कॅमेऱ्यावर जागा कमी म्हणून पुष्कळदा नुसते १२५ किंवा २५० लिहिलेले असते. तो सेकंदाचा तेवढावा भाग समजावा. झडप जितका वेळ उघडी, तितक्या वेळात जे जे हलले ते सारे फोटोत पुसट येते. बसलेल्या माणसाला १/१२५ पुरते. चालणाऱ्याला १/२५० हवे. धावणाऱ्या मुलाला १/५०० किंवा त्याहून जलद.

मंगळागौरीच्या खेळांचे उदाहरण घ्या. फुगडीचा फोटो १/५०० वर घेतला तर दोघींचे चेहरे आणि ताठ झालेले हात थबकल्यासारखे स्वच्छ दिसतात. तीच फुगडी १/१५ वर, कॅमेरा टेबलावर किंवा तिपाईवर पक्का ठेवून घेतली, तर भोवतालच्या बसलेल्या बायका स्पष्ट आणि मध्ये साड्यांची रंगीत गिरकी, असे चित्र मिळते. दोन्ही बरोबरच आहेत. आपल्याला चेहरे हवेत की गिरकी, हे आधी ठरवायचे, एवढेच.

शटरच्या बाबतीत आपला हातही लक्षात ठेवावा. हात सर्वांचेच थोडे हलतात. सोपा आडाखा असा, की भिंगाची लांबी जितकी, निदान तेवढ्या अंशाचे शटर ठेवावे. ५० मिलिमीटरच्या भिंगाला १/५०, दूरचे जवळ आणणाऱ्या २०० मिलिमीटरच्या भिंगाला १/२००. त्याहून थोडे जलद ठेवले तर उत्तमच. हल्लीच्या पुष्कळ कॅमेऱ्यांत हाताचे हेलकावे सावरण्याची सोय असते. ती आपल्या हातापुरतीच चालते. समोरचे मूल हलले तर तिचा उपयोग नाही.

तिसरा आकडा आयएसओ. फिल्मच्या दिवसांत हा आकडा रोलवरच छापलेला असे, आणि एकदा रोल घातला की तो संपेपर्यंत बदलता येत नसे. अॅगफा क्लिक थ्रीसारखा साधा कॅमेरा ज्यांच्या घरी होता त्यांना आठवेल, एका रोलमध्ये बारा फोटो. त्यामुळे प्रत्येक वेळी बटण दाबताना जीव वरखाली होई. डिजिटल कॅमेऱ्यात हा आकडा प्रत्येक फोटोला बदलता येतो: १००, २००, ४००, ८००, १६००, ३२००. आकडा दुप्पट केला की निम्मा उजेड पुरतो. घागरीऐवजी तांब्या घेतल्यासारखे आहे हे. थोड्या पाण्यात भरतो. पण तांब्याभर पाण्यात गाळ चटकन नजरेत भरतो, तसे आयएसओ फार वाढवले की फोटोवर रवाळ ठिपके दिसू लागतात. म्हणून बाहेर उन्हात १०० किंवा २००, सावलीत ४००, दिवे लावलेल्या सभागृहात १६०० ते ३२००, असा साधारण हिशेब ठेवावा. मात्र रवाळ फोटोपेक्षा हललेला फोटो वाईट. रवा सोसता येतो, हललेला चेहरा दुरुस्त करता येत नाही.

हे तिघे एकमेकांशी बांधलेले आहेत. एका ठिकाणी एक पायरी घेतली की दुसऱ्या ठिकाणी एक पायरी परत द्यावी लागते. समजा, एफ ८ आणि १/१२५ वर फोटो चांगला येतो आहे. मागचे धूसर हवे म्हणून तुम्ही एफ ५.६ केले, उजेड दुप्पट झाला. आता शटर १/२५० करा, हिशेब पुन्हा जुळला. एफ ४ केले तर १/५००. वाण्याच्या वहीतल्या जमाखर्चाप्रमाणे दोन्ही बाजू सारख्या यायला हव्यात. ज्या बाईला महिन्याचा खर्च बसवता येतो, तिला हे अवघड वाटण्याचे कारण नाही.

सुरुवात कोठून करायची, असे तुम्ही विचाराल. त्यासाठी जुन्या छायाचित्रकारांचा एक आडाखा आहे. स्वच्छ ऊन असेल तर एफ १६ ठेवावे आणि शटर आयएसओइतके. आयएसओ १०० असेल तर शटर १/१००, किंवा जवळचे १/१२५. पातळ ढग असतील तर एफ ११, आभाळ भरलेले असेल तर ८, फारच काळोखून आले तर ५.६. मापक यंत्र नसतानाच्या काळात याच आडाख्यावर असंख्य फोटो निघाले, आणि आजही तो चुकत नाही.

आता जी गोष्ट मला आज विशेष आग्रहाने सांगायची आहे तिच्याकडे वळते.

"फोटो काळा आला" ही तक्रार आपण सर्वांनी ऐकली आहे. आणि त्यापाठोपाठ येणारे वाक्यही ऐकले आहे: "मुलगीच सावळी, फोटो तरी कसा येणार!" भगिनींनो, हे वाक्य अज्ञानाचे आहे. त्यामागचे शास्त्र असे.

कॅमेऱ्यात उजेड मोजणारे एक यंत्र असते. समोर सावळी मुलगी आहे की पांढरी भिंत आहे, हे त्याला मुळात कळत नाही. समोरच्या सगळ्या दृश्याची सरासरी मध्यम करड्या रंगाइतकी असते, असे गृहीत धरून ते माप काढते. अंगणातल्या साध्या दृश्यात हे गृहीत बहुधा खरे ठरते. पण मुलीला चुन्याच्या पांढऱ्या भिंतीपुढे, पांढरी किंवा फिकट साडी नेसवून उभे केले, म्हणजे दृश्याचा बहुतेक भाग पांढरा झाला. यंत्राला वाटते, उजेड फार झाला. ते नळ आवळते. भिंत करडी होते आणि मुलीचा चेहरा आहे त्याहून कितीतरी काळा उमटतो. येथे मुलीचा रंग चुकलेला नाही, माप चुकले आहे.

याच्या उलट उदाहरण संक्रांतीचे. नव्या सुनेची पहिली संक्रांत, अंगावर काळी चंद्रकळा आणि हलव्याचे दागिने. येथे दृश्याचा मोठा भाग काळा. यंत्राला वाटते उजेड कमी आहे. ते नळ मोठा करते. मग चंद्रकळा करडी येते, चेहरा फिका पडतो आणि हलव्याचा दाणा न् दाणा दिसण्याऐवजी पांढरे ठिपके तेवढे उरतात.

दोन्हींवर उपाय एकच, आणि तो कॅमेऱ्यावर छापलेला असतो. अधिक आणि उणे अशी दोन चिन्हे एका चौकोनात असतात, ती शोधा. पांढरी भिंत, पांढरी साडी, मागे उजळ खिडकी किंवा आभाळ असले तर अधिकच्या बाजूला एक पायरी. चंद्रकळा किंवा काळोखी पार्श्वभूमी असली तर उणेच्या बाजूला अर्धी ते एक पायरी. पांढऱ्याला अधिक, काळ्याला उणे, एवढे लक्षात ठेवा. मोबाईलमध्येही ही सोय बहुधा असते. पडद्यावर चेहऱ्याला बोट लावा. पुष्कळ फोनांत तेथे सूर्याची खूण दिसते, ती वर सरकवली की उजेड वाढतो, खाली सरकवली की कमी होतो. नवे कॅमेरे चेहरा ओळखून माप काढू पाहतात, पण प्रत्येक वेळी त्यांना ते साधत नाही. तुमची नजर वर असलीच पाहिजे.

यंत्रे कोणासाठी बनली, हाही प्रश्न यात आहे. कोडॅक कंपनी फोटो धुणाऱ्या प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी नमुन्याची कार्डे पाठवत असे. वर्षानुवर्षे त्यांवर गोऱ्या बाईचेच चित्र असे. त्या कार्डांना 'शर्ली' असे नाव पडले होते. म्हणजे जगभरच्या चेहऱ्यांचे रंग एका गोऱ्या चेहऱ्याशी जुळवले जात. निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रिया एकत्र दाखवणारी कार्डे आली ती १९९० नंतरच्या दशकात. ज्यांचे चेहरे त्या कार्डावर नव्हते, त्यांनी फोटो वाईट येतो म्हणून स्वतःच्या रंगाला दोष दिला, यात नवल नाही.

आमच्या ओळखीच्या एका मुलीची गोष्ट सांगते. शिकलेली, नोकरी करणारी, वर्णाने चांगली सावळी आणि नाकीडोळी नीटस. स्थळांना पाठवण्यासाठी एका स्टुडिओत तिचा फोटो काढवला. फोटो आला तो गव्हाच्या पिठासारखा पांढरा. गालांवरचा तजेला गेला, हनुवटीवरचा तीळही पुसला गेला. आई खूश झाली. मुलगी म्हणाली, "आई, हा फोटो माझा नाही. हा पाहून जो होकार देईल, तो मला होकार देणार नाही." आई गप्प झाली. दोन दिवसांनी सकाळी त्यांच्याच ओसरीवर, दाराच्या बाजूने येणाऱ्या मऊ उजेडात, मागे गडद हिरवा दरवाजा ठेवून तिच्या मावशीने घरच्या कॅमेऱ्याने फोटो काढला. अॅपर्चर चार, शटर १/१२५, आयएसओ ४००. कॅमेरा मापल्याहून थोडा उजेड कमी करायला सांगितले, एवढेच. फोटोत मुलगी सावळीच आली आणि फार सुरेख आली. तोच फोटो पुढे पाठवला गेला. पुढचे काय, हा आजचा विषय नाही. पण मुलीने तो स्वतःच्या टेबलावर चौकटीत लावून ठेवला, एवढे सांगते.

मोबाईलमध्ये चेहरा आपोआप गोरा आणि गुळगुळीत करणारी सोय असते. ती बंद ठेवा, असे माझे सांगणे आहे. आजीच्या सुरकुत्या पुसून टाकल्यावर त्या फोटोत आजी किती उरली?

उरलेल्या दोन-तीन गोष्टी थोडक्यात सांगते. पहिली, रंगांचा तोल. निरनिराळ्या उजेडाचा रंग निराळा असतो. समईची ज्योत आणि घरातले पिवळे दिवे तांबूस, दुपारचा उजेड पांढरा, सावलीतला किंचित निळसर. आपले डोळे हे सांभाळून घेतात. कॅमेऱ्याला मात्र सांगावे लागते. सूर्य, ढग, दिवा, नळीचा दिवा अशा खुणा असतात त्या यासाठी. एरवी 'ऑटो' ठेवावे. पण दिवाळीत पणत्यांचा फोटो काढताना सूर्याची खूण ठेवा. 'ऑटो' त्या सोनेरी उजेडाचा रंग काढून टाकू पाहते, आणि पणतीचा फोटो पणतीसारखा राहत नाही.

दुसरी, सभागृहातले दिवे. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, त्यामुळे ट्यूबलाईट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. काही एलईडी दिवेही तसेच वागतात. शटर फार जलद ठेवले तर फोटोवर आडवे काळसर पट्टे येतात. अशा ठिकाणी १/५० किंवा १/१०० ठेवून पाहा. आपल्या या सभागृहात भाषण करणाऱ्या बाईचा फोटो एफ ४, १/१००, आयएसओ ३२०० च्या आसपास नीट यावा.

तिसरी, फ्लॅश. कॅमेऱ्यावरचा लहान फ्लॅश साधारण तीन-चार मीटरपर्यंतच पोहोचतो, मोबाईलचा दिवा त्याहूनही कमी. शेवटच्या रांगेतून रंगमंचाचा फोटो घेताना तो चमकवला तर पुढच्या बाईच्या अंबाड्यावर उजेड पडतो आणि रंगमंच काळोखातच राहतो. तेव्हा तो बंद करावा आणि चार पावले पुढे यावे.

आणि एक अगदी घरगुती सूचना. भिंग स्वच्छ ठेवा. स्वयंपाकघरात वावरणाऱ्या फोनच्या भिंगावर तेलकट बोटांचा थर बसतो आणि सारे फोटो धुक्यात काढल्यासारखे येतात. मऊ, कोरड्या, स्वच्छ फडक्याने हलकेच पुसावे. पुष्कळदा एवढ्यानेच 'फोन बिघडला' ही तक्रार मिटते.

मोठ्या कॅमेऱ्यावरच्या चकतीची अक्षरे राहिली. हिरवी खूण म्हणजे सारे कॅमेऱ्याच्या हाती. 'पी' म्हणजे बहुतेक त्याच्या हाती. 'ए', किंवा काही कॅमेऱ्यांवर 'एव्ही', म्हणजे अॅपर्चर तुम्ही ठरवायचे, शटर तो ठरवील. 'एस' किंवा 'टीव्ही' म्हणजे शटर तुमचे, अॅपर्चर त्याचे. हा टीव्ही मालिका पाहण्याचा नव्हे. येथे 'टी' म्हणजे वेळ. 'एम' म्हणजे सारे तुमच्या हाती. नवशिक्या बाईने 'ए' पासून आरंभ करावा. मोबाईलमध्ये भोक बहुधा एकाच मापाचे असते; फोन शटर आणि आयएसओ यांवरच काम चालवतो, आणि मागचे धूसर करतो ते गणिताने. म्हणून कधीकधी कानातली कुडी किंवा मोकळे केसही तो पुसून टाकतो.

हे सारे ऐकून येत नाही, करून येते. चार दिवसांचा अभ्यास देते. पहिल्या दिवशी तुळशीवृंदावनाचा फोटो एकाच जागेवरून एफ ४, ८ आणि १६ वर काढा आणि मागची भिंत कशी बदलते ते पाहा. दुसऱ्या दिवशी नळाची धार १/१००० वर घ्या, मग कॅमेरा टेकवून १/१५ वर घ्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दिवा लावून आयएसओ ४०० आणि ३२०० मधला फरक पाहा. चौथ्या दिवशी पांढऱ्या भिंतीपुढे घरातल्या कोणालाही बसवून अधिक-उणेची खूण फिरवून पाहा. फिल्मचा खर्च आता नाही. चुकलेले पुसून टाकता येते.

आपले वय झाले असे कोणी म्हणू नये. ज्यूलिया मार्गारेट कॅमेरॉन ही बाई १८१५ साली कलकत्त्यास जन्मली. १८६३ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, तिला मुलीने आणि जावयाने कॅमेरा भेट दिला. तोवर तिने घरसंसारच केला होता. पुढे तिने काढलेली माणसांची छायाचित्रे आजही जगातल्या मोठ्या संग्रहालयांत आहेत. आणि आपल्या देशातल्या होमाई व्यारावाला पाहा. १९१३ साली नवसारीस जन्म, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिक्षण. सुरुवातीला त्यांचे फोटो त्यांच्या पतीच्या नावाने छापले जात. १९४२ साली त्या दिल्लीस गेल्या आणि भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून स्वातंत्र्याच्या काळातले प्रसंग त्यांनी टिपले. साडी नेसून, जड कॅमेरा घेऊन, सायकलवरून त्या कामाला जात. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले; २०१२ साली त्या वारल्या. आज ते फोटो त्यांच्या स्वतःच्या नावाने ओळखले जातात.

शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवते. आपल्या कामाची नोंद आपणच ठेवावी. शिवणवर्ग, वाचनालय, हळदीकुंकू, पापडांचे काम, कार्यकारिणीची बैठक, यांचे फोटो वर्षभर काढावेत. पाहुण्यांना हार घालतानाचा एक पुरे. काम करणाऱ्या हातांचे अधिक काढावेत. प्रत्येकासोबत तारीख आणि फोटोतल्या सर्वांची नावे लिहून ठेवावीत, 'सौ. अमुक व इतर भगिनी' असे लिहू नये, कारण त्या इतर भगिनींनाही नावे आहेत. फोटो दोन ठिकाणी जपावेत. आणि कोणाचाही फोटो तिला विचारल्यावाचून काढू नये, काढलेला तिला विचारल्यावाचून इकडेतिकडे पाठवू नये. ही शिस्त अॅपर्चर आणि शटरच्याही आधी शिकायची आहे.

मंडळाला कॅमेरा हाताळणाऱ्या चार जणी हव्या आहेत. सभा संपल्यावर ज्यांना नावे द्यायची असतील त्यांनी चिटणीसबाईंकडे द्यावीत. पहिला वर्ग पुढच्या महिन्यातल्या पहिल्या शनिवारी दुपारी येथेच घेऊ. कपाटातला कॅमेरा त्या दिवशी सोबत आणावा, आणि त्याची बॅटरी आदल्या रात्री भरून ठेवावी.